चार नंबर टेबलावरच्या वैनी

सुरवंटाचं फुलपाखरू कसं होतं हे पडद्यावर दाखवलं, की काजूच्या कारखान्यातल्या बायका नव्या यंत्राच्या प्रेमात पडतील, असं ज्या माणसाला वाटलं होतं तो मी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे माझ्याकडून कुणी शहाणपणाची अपेक्षा ठेवायला नको.

चित्र मोठं झकास होतं. हिरवं पान, पानावर सुरवंट, मग कोश, मग निळं-केशरी फुलपाखरू. आणि वर लिहिलेलं, ‘बदल घडतो, घाबरू नका’. चाकणला गाड्यांच्या कारखान्यात ह्याच चित्रावर टाळ्या पडलेल्या मी पाहिल्या होत्या. रत्नागिरीच्या एमआयडीसीत, आमच्या कँटीनच्या भिंतीवर ते झळकलं आणि पहिल्या रांगेतल्या दोघीतिघींनी पाय वर घेतले. मागून आवाज आला. आवाज म्हणजे काय, डोंगराच्या अलीकडून पलीकडच्या वाडीला हाक मारायची सवय असलेला गळा.

“भावजी, ह्यो पुढं न्या. आमच्याकडं ह्याला नुसता बगून अंगाला खाज सुटते.”

कँटीन हसलं. मी घाईघाईने पुढचं चित्र लावायला गेलो आणि बटण दाबलं गेलं मागचं. सुरवंट परत आला, आणि ह्या खेपेला पडदाभर.

त्या वैनी. सुनंदा धनावडे हे नाव हजेरीपुरतं. एरवी सगळ्या कारखान्याच्या वैनी, आणि त्यामुळे कारखान्यातला यच्चयावत पुरुष त्यांचा भावजी. टेम्पोवाला भावजी, वॉचमन भावजी, आमचे मालक बापूशेठ हे थोरले भावजी. मी नवा होतो, चाकणहून आलो होतो, आणि आल्याआल्या शर्टाच्या खिशाला कंपनीचं ओळखपत्र लटकवून ‘आपण सर्वांनी मिळून’ अशी वाक्यं बोलत होतो, म्हणून मला त्यांनी ‘चाकणकर भावजी’ करून टाकलं. वास्तविक माझं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. हे त्यांना कळल्यावर त्या म्हणाल्या, “मग असे पुस्तकासारखे काय बोलता? कुणी घातलान तुमच्या घशात तो टाय?”

टाय मी घालत नव्हतो. पण त्या दिवसापासून बोलता बोलता गळ्यापाशी चाचपून बघायला लागलो खरा.

ठेंगण्या, रुंद बांध्याच्या. चालताना दोन्ही हात असे मागे टाकायच्या की होडी वल्हवतायत असं वाटावं. नेसूचा पदर कमरेला खोचलेला, त्यावर कारखान्याचा निळा झगा, डोक्याला जाळीची टोपी. आणि त्या टोपीतूनही अबोलीचा एक वळेसर बाहेर डोकावलाच पाहिजे. स्वच्छतेच्या नियमात फुलं बसत नाहीत असं मी एकदा धीर करून सांगितलं. वैनींनी वळेसर काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “सांभाळा मग. पाच वाजता मागून घेतंय.” दिवसभर मी अबोली हातात घेऊन कारखान्यात फिरलो. बॉयलरवाल्याने विचारलं, “घरी काय कार्य आहे का?”

झग्याच्या खिशात फणसाच्या उकडलेल्या, मिठातल्या आठळ्या असत. ते वैनींचं न्यायालय. ज्याचं वागणं पटलं त्याच्या हातावर एक आठळी ठेवायच्या. न पटलं तर त्याच्यासमोर उभं राहून स्वतः खायच्या. मी पहिले कितीतरी दिवस त्यांना नुसतं चावताना पाहिलं.

आता कारखान्याचं काम थोडक्यात सांगतो. काजूबी येते, उकडते, फुटते, सोलली जाते, आणि आतला गर शेवटी निवडीच्या लांबलचक टेबलांवर येतो. तिथे बायका ओळीने बसतात आणि आख्खा गर, पाकळी, तुकडा, डागी असं हाताने वेगळं करतात. चार नंबरचं टेबल वैनींचं. डोक्याशी वैनी, आणि पार शेवटच्या टोकाला भागीआक्का. भागीआक्का साठीच्या पुढची, सावकाश बोलणारी, सावकाश चालणारी. वैनी लग्न होऊन पहिल्यांदा कारखान्यात आल्या तेव्हा त्यांना निवड शिकवली ती ह्या भागीआक्काने. आता तिच्या डोळ्यांपुढे धुरळा यायचा आणि हात मागे पडायचा. घरी नवरा नाही, सून नाही. सकाळी डबा घेऊन ह्या बायकांबरोबर निघायचं आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर परतायचं, एवढाच तिचा गोतावळा.

तर चार नंबरच्या टेबलावर एक रीत होती. हात चालता चालता प्रत्येक बाई निवडलेले चार दाणे बोटाने शेजारणीच्या ताटात ढकलायची, शेजारीण त्यात आपले मिसळून पुढे ढकलायची, आणि असं करत करत ते भागीआक्काच्या ताटात जाऊन पडायचे. संध्याकाळी सगळ्यांची ताटं सारखी. भातलावणीला जशी सगळ्यांत हळू लावणारीला मधे घेऊन ओळ बरोबर सरकते, तसं. कुणी हे ठरवलेलं नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. मलाही ते माहीत नव्हतं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी फजिती नीट बघता येईल.

बापूशेठना परदेशातल्या एका मोठ्या ग्राहकाची मागणी येऊ घातली होती. ग्राहकाला प्रत्येक डब्याची निवड नोंदलेली हवी होती. म्हणून राजकोटच्या मेहतांचं यंत्र आलं: प्रत्येक टेबलावर वरून बघणारा कॅमेरा, प्रत्येक ताटाखाली वजनाची चकती, आणि टेबलांच्या डोक्याशी एक पडदा. पडद्यावर प्रत्येकीचं नाव आणि नावापुढे पट्टी. काम वेगाने आणि स्वच्छ चाललं की पट्टी हिरवी, जरा ढिलं पडलं की पिवळी, मागे पडलं की लाल. काजूचा हंगाम सुरू व्हायच्या आत हे चालू झालं नाही तर मागणी दुसरीकडे जाणार, आणि मागणी गेली तर टेबलंच कमी होणार. हे चालू करून द्यायला मला आणलेलं. मी तर इतका उत्साहात होतो की घरी बायकोला जेवताना काजूच्या पट्ट्यांबद्दल सांगायचो. ती म्हणायची, “भात वाढू का, की अजून पिवळी आहे?”

चाचणीचा पहिला दिवस. बायका टेबलाशी आल्या. पडद्याकडे एकीनेही पाहिलं नाही. वैनींनी मात्र पदराच्या गाठीतून कुंकवाची पुडी काढली, स्टुलावर चढल्या, आणि कॅमेऱ्याच्या काचेवर बरोबर मधोमध ठसठशीत टिळा लावला. वर हळद.

“वैनी, अहो, काच आहे ती. दिसणार कसं त्याला?”

“नवी वस्तू घरात आली भावजी. कुंकू नको लावायला? तुमी गाडी घेतलात तवा नाय लावलात?”

“गाडीला पुढे लावतात. काचेवर नाही लावत.”

“मंग ह्याचा पुढं कुटं ते तुमी सांगा.”

मी स्टुलाभोवती फिरून कॅमेरा सगळ्या बाजूंनी पाहिला. त्याचा पुढचा भाग म्हणजे काचच. मेहता आत संगणकावर ओरडत होते, “सब लाल आ रहा है, भाई, पूरा टेबल लाल!” काच पुसायला मी हात वर केला तर सगळ्या टेबलावरून हळहळ उमटली, जणू मी सवाष्णीचं कुंकू पुसतोय. तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी मीच लवकर येऊन, कुणी बघत नाही असं पाहून, काच पुसली. वैनी आल्या, वर पाहिलं, खिशातून आठळी काढली आणि माझ्यासमोर उभं राहून खाल्ली.

त्यांनी यंत्राचं नावही ठेवलं. धाकटी जाऊ. “मागून आली, उंच बसली, हात लावीत नाय कशाला, आन सगळ्या चुगल्या थोरल्यांकडं.” हे नाव दुपारपर्यंत साऱ्या कारखान्यात पसरलं. बापूशेठसुद्धा एकदा मला फोनवर म्हणाले, “काय रे, आपली जाऊबाई चालू झाली का?” आणि मग त्यांनी स्वतःच जीभ चावली.

मेहतांच्या यंत्राला बोलायचीही सोय होती. मला वाटलं, मराठीतून बोललं तर बायकांना आपलं वाटेल. मी ती सोय चालू केली. पिवळी पट्टी आली की एक मंजुळ आवाज म्हणायचा, “कृपया आपला वेग वाढवावा.” पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा वैनी हात पुसत म्हणाल्या, “ऐकलंव हो. आदी पोटाला काय घातलंस काय नाय, तां सांग.” मग दिवसभर टेबलाची आणि यंत्राची जुगलबंदी. यंत्र म्हणे, वेग वाढवावा. दोन नंबर टेबलावरची रुक्साना म्हणे, “बाई, तू पयली खाली उतर.” रुक्साना वैनींची जिवलग आणि जिवलग आहे म्हणूनच कायमची प्रतिस्पर्धी. संध्याकाळी मी आवाज बंद केला. बायकांपेक्षा मलाच त्याचा वीट आला होता. झोपेतही मला कुणीतरी आपला वेग वाढवावा म्हणत होतं.

मग ती टेबलाची गोष्ट. तिसऱ्या की चौथ्या चाचणीला मेहता कपाळाला हात लावून बसलेले. म्हणाले, यंत्र सांगतंय की चार नंबरवर काजू आपोआप सरकतात. एका ताटातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि सगळे शेवटच्या टोकाला. मी पडद्यावर पाहिलं. खरंच, बारीक बारीक ठिपके एका दिशेला चाललेले, मुंग्यांच्या रांगेसारखे.

दोन इंजिनीअर, एक पुण्यात शिकलेला आणि एक राजकोटचा, ह्यांनी डोकं लावून निष्कर्ष काढला की टेबल उताराला आहे.

सुतार बोलावला. पाणसळ लावली. टेबल सरळच होतं. तरी म्हटलं, डोळ्याला न दिसणारा उतार असेल. पायांखाली लाकडी पाचरी ठोकल्या. मी स्वतः टेबलाखाली पालथा पडून पाचर धरलेली, वर बायका काम करतायत, आणि माझ्या डोक्यावरून काजू सुखाने प्रवासाला चाललेले. पाचर ठोकून झाली. मेहता आतून म्हणाले, “अभी भी जा रहे हैं.” मग आम्ही भागीआक्काच्या टोकाखाली आणखी जाड पाचर ठोकली. टेबल आता खरोखरच तिरकं झालं, भागीआक्काकडून वैनींकडे. काजू तरीही चढावर चढून भागीआक्काकडे जात राहिले.

वैनी वरून वाकून म्हणाल्या, “भावजी, बाहेर या. कोकणातली जमीन हाय. हितं उतार नाय असं टेबल तुमाला सापडायचं नाय.”

टेबलावर एकीच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी गुडघे झाडत उठलो आणि वैनींचे आभार मानले. होय, आभार मानले.

एवढं झालं तरी काम पुढे सरकेना. बायका नाही म्हणायच्या नाहीत. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. इथे सगळ्या होकार द्यायच्या आणि चाचणीच्या दिवशी नेमका कुणाचा झगा चकतीवर टेकायचा, कुणाची बांगडी तारेत अडकायची. मी त्यांना एकेकट्या बोलावून विचारलं, भीती कसली वाटते? यंत्राची? “नाय.” विजेची? “नाय.” मग? “काय नाय, भावजी.” वैनींना विचारलं तर त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “भीती नाय वो. पण माणसाचं नाव रंगीत अक्षरात कवा लिवतात? निवडणुकीत, नायतर मयताला.” मला वाटलं त्या विनोद करतायत. मी हसलो. त्यांनी मला आठळी दिली नाही.

शेवटी बापूशेठनी मुहूर्त काढला. त्यांचा साधा हिशेब, नारळ फुटला की सगळं सुरळीत होतं. आणि नारळ फुटायचा तर आधी गाऱ्हाणं हवं. आमच्या भागात कुठलंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही, आणि देवाला सांगायचं तर ते असं तोंडातल्या तोंडात नाही. एकाने मोठ्याने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. जे बोललं ते देवासमोर बोललं, आणि ज्याने होकार भरला तो त्यात बांधला.

मुहूर्ताच्या सकाळी सगळा कारखाना निवडीच्या दालनात जमला. टेबलावर केळीच्या पानात नारळ, विडा, अगरबत्ती. बापूशेठ सोवळ्यासारखा पांढरा सदरा घालून, मेहता नवीन बूट दाराबाहेर काढून. आणि तिथेच अडलं. गाऱ्हाणं घालायचं कुणी? बॉयलरवाला म्हणाला, आमच्या गावात मान आमच्या घराकडे. टेम्पोवाला म्हणाला, तो तुझ्या गावात, कारखाना काय तुझ्या गावात आहे? वॉचमनने तिसरंच गाव काढलं. नारळ तसाच. अगरबत्तीची राख पडायला लागली.

“तुमचा मान ठरेपत्तर काजूला मोड येतील,” असं म्हणत वैनी पुढे आल्या. पदर डोक्यावरून घेतला. “जल्मभर मागं उभी ऱ्हाऊन ऐकलंव. आज मी घालतंय.”

पुरुषमंडळींत चुळबुळ झाली. बाईने गाऱ्हाणं घातलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. बापूशेठनी माझ्याकडे पाहिलं. मी, चाकणचा सुधारक, लगेच मान हलवली. म्हटलं, उत्तमच आहे. बापूशेठनी हात जोडले. मग सगळ्यांनी जोडले. वैनींनी डोळे मिटले आणि तो डोंगरापलीकडचा आवाज सोडला.

“बा देवा म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा.”

“बारा वाटांनी आलेल्या ह्या लेकरांनी आज तुज्या नावाचा नारळ ठेवलाय, तो गोड मानून घे, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“थोरल्या भावजींनी हौसेनं यंत्र आणलानी. त्याला यश दे, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आमचा माल सात समुद्रापार जाऊं दे, आन माघारी फिरूं देऊं नको, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” हा बापूशेठचा आवाज सगळ्यांच्या वर.

आता एक सांगतो. लहानपणापासून ज्याने पालखीपुढे उभं राहून हे म्हटलंय, त्याच्या तोंडाला ह्याची चाल बसलेली असते. समोरचा ‘म्हाराजा’वर आवाज टेकवतो आणि आपलं तोंड आपोआप उघडतं. डोकं मधे येतच नाही. किती वर्षांनी मी ते ऐकत होतो. चाकण, फुलपाखरू, पाचरी सगळं विसरून मी टाचा उचलून साथ देत होतो. मेहतांनी कानाशी विचारलं, “ये क्या बोल रहे हैं सब?” मी म्हटलं, “प्रार्थना है, सफलता की.” मग तेही हात जोडून लागले, “होय महाराजा, होय महाराजा.” मागून रुक्साना प्रत्येक वेळी ठणठणीत ‘आमीन’ म्हणत होती.

“यंत्राला डोळा दिलास, तशी थोडी मायाबी दे, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“कुणाचा हात वाऱ्यासारका, कुणाचा सावकाश. दोनी हात तूच घडवलेस, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“तवा सावकाश हाताचं नाव लाल रंगात चार माणसांत मिरवूं नये, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“हिरवं-लाल काय दाकवायचं तां सगळ्या टेबलाचं मिळून दाकवावं, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आन ह्या यंत्रापायी आमच्यातल्या एकीचीबी जागा हलली नाय पायजे. जो कोण हलवील, त्याचं काय करायचं तां तू बगून घे, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

हे शेवटचं सगळ्यांत मोठ्याने कुणी म्हटलं असेल? मीच. म्हणून झाल्यावर माझं तोंड उघडंच राहिलं. मी डोळे उघडले. टेबलाच्या पार टोकाला भागीआक्का हात जोडून उभी होती आणि तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. शेजारच्या दोघींनी तिला दोन्ही बाजूंनी धरलेलं. तेव्हा कुठे ते पडद्यावरचे ठिपके, पाचरी, चढावर चढणारे काजू, सगळं माझ्या डोक्यात एकदम उजळलं.

नारळ फुटला. वैनींनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, “चाकणकर भावजी, तुमचा आवाज झ्याक लागला आज.”

ऑफिसात आल्यावर बापूशेठनी दार लोटून घेतलं.

“काय रे, आपण नक्की काय काय म्हटलं?”

मी ओळीने सांगितलं.

“मी अजून सात समुद्रापारच होतो रे,” ते म्हणाले. “तिने माल जहाजात चढवला, तिथून पुढे मी ऐकलंच नाही.”

“आता?”

“आता काय? देवासमोर झालंय. तू म्हणालास, मी म्हणालो, हे मेहतासुद्धा म्हणाले.” मेहतांना मी अर्थ समजावून दिला. त्यांनी कानाला हात लावला. मग म्हणाले, टेबलाचं मिळून दाखवायचं ना, ती सोय यंत्रात पहिल्यापासून आहे, एक बटण दाबायचं. मी एकेकीचं नाव का निवडलं होतं, असं त्यांनीच मला विचारलं. खरं उत्तर असं होतं, की ते जास्त आधुनिक दिसत होतं. मी म्हटलं, “अनुभव म्हणून.”

बापूशेठ उठले. “ग्राहकाला काजू पाहिजेत, कुंडल्या नकोत. दाबा ते बटण.”

त्यानंतर जे झालं त्याला मात्र मी तयार नव्हतो. पडद्यावर नावं गेली आणि टेबलांचे आकडे आले. एक, दोन, तीन, चार; प्रत्येकापुढे एक पट्टी. आणि वैनींना पडद्याचं वेड लागलं. वेड म्हणजे अगदी वेड. दर थोड्या वेळाने उठून बघायच्या. दोन नंबर हिरवं आणि आपलं पिवळं दिसलं की टेबलावर गर्जना, “पोरींनो, रुक्सानाचं टेबल हिरवं झालंय, आन तुमी लग्नाच्या गोष्टी काय सांगताव?” मग रुक्साना तिकडून, “वैनी, पडदा बगून काजू निवडून होत नाय, हात चालव.” एकदा वैनी माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, की कॅमेरा दोन नंबरकडे झुकलेला आहे, पक्षपाती आहे, आणि त्याच्याखाली पाचर ठोकावी.

ज्या काचेवर त्यांनी कुंकू फासलं होतं, तीच रोज सकाळी आल्याआल्या ओल्या फडक्याने त्या पुसायला लागल्या. “धूळ बसली तर आमचंच हिरवं कमी दिसंल.” नवीन बाई आली की तिला पडदा समजावून सांगणार वैनीच. त्यात फुलपाखरू नसायचं. “हे बग, ही धाकटी जाऊ. जिबेची तिखट, पण घरातलीच. तिला आपलं टेबल कळतं, आपलं नाव कळत नाय. तवा तू भिऊ नको, आन शेजारणीला सोडू नको.” माझं सगळं प्रशिक्षण त्यांनी एवढ्यात संपवलं होतं. मी ते लिहून घ्यायला वही काढली तर म्हणाल्या, “तुमी लिवाल आन परत चित्र लावाल. ऱ्हाऊ द्या.”

काजू अजूनही सरकत होते. आता यंत्राला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण ते टेबल सोडून कुठे जात नव्हते.

हंगामाच्या मधे ग्राहकाच्या वतीने मुंबईहून एक बाई पाहणीला आल्या. हसतमुख, हुशार. चार नंबरची हिरवीगार पट्टी पाहून त्यांनी वैनींना विचारलं, “ह्या टेबलावर सगळ्यात चांगलं काम कुणाचं?”

“चार नंबरचं.”

“हो, पण त्यातली कोण?”

“चार नंबर.”

“नाव काय तिचं?”

“चार नंबर,” वैनी म्हणाल्या, आणि बाईंच्या हातावर आठळी ठेवली.

त्याच संध्याकाळी बापूशेठनी मला आत बोलावलं. मागणी वाढणार होती, पण ग्राहकाने सुचवलं होतं की माणसं थोडी कमी करून वेग वाढवावा. बापूशेठ कप फिरवत म्हणाले, “तुझ्या त्या संगणकात आतून दिसतं का रे, कोण किती सावकाश आहे ते?”

दिसत होतं. बाहेरच्या पडद्यावरून नावं गेली तरी आत सगळं जमा होत होतं. भागीआक्काचं नाव मी न उघडता सांगू शकलो असतो.

“दिसतं,” मी म्हटलं.

बाहेर बायका निघायची गडबड, वैनींचं कुणावर तरी ओरडणं.

“तू शेवटचं फार मोठ्याने म्हणालास त्या दिवशी,” बापूशेठ म्हणाले.

“हो. तोंडातून गेलं.”

“माझ्याही गेलंच ना.” त्यांनी चहा संपवला. “ते आतलं दिसणं बंद करता येतं का?”

मेहतांना फोन लावला. त्यांनी लांबून बंद करून दिलं आणि शेवटी, आपणहून, “होय महाराजा” म्हणाले. ग्राहकाला बापूशेठनी कळवलं की माणसं कमी करता येणार नाहीत, वेग मात्र टेबलं बघून घेतील. आणि टेबलांनी बघून घेतला, कारण वैनी आणि रुक्साना ह्यांच्यातलं युद्ध तोपर्यंत मधल्या सुट्टीतही चालू राहिलं होतं.

हे सगळं वैनींना मी सांगितलं नाही. कुणाकडून कळलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी दालनात शिरलो तर त्या टेबलाच्या डोक्यावरून उठून आल्या, माझी मूठ उघडली आणि आठळ्यांनी भरली. भरलेली मूठ घेऊन मी दिवसभर हिंडलो. बॉयलरवाल्याने पुन्हा विचारलं, “घरी कार्य आहे का?” मी हो म्हणून टाकलं.

पुढच्या वर्षी मी कंपनीच्या सिंधुदुर्गातल्या नव्या कारखान्यात गेलो. तिथेही टेबलं आहेत, पडदे आहेत, आणि पहिल्या दिवशी कुठलं बटण दाबायचं ते मला आता माहीत आहे. अलीकडेच कामासाठी रत्नागिरीला गेलो होतो. संध्याकाळी परतीची गाडी पकडायला एसटी स्टँडवर उभा होतो. पलीकडच्या फलाटाला गावाकडची एसटी लागलेली, माणसं दाराशी लोंबकळलेली. गर्दीतून तो आवाज आला.

वैनी खिडकीशी बसल्या होत्या. शेजारच्या जागेवर त्यांनी आपला रुमाल पसरलेला आणि वर डबा ठेवलेला. पुढ्यात एक गृहस्थ उभे, हातात पिशव्या, वैतागलेले.

“ओ बाई, सीट रिकामी आहे. रुमालाला तिकीट आहे का?”

“रिकामी नाय भावजी. माणूस हाय हितं.”

“कुठाय माणूस?”

“चालत येतंय.”

कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला. वैनींनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं. मला वाटलं माझ्याकडेच बघतायत; मी हात वर केला. पण त्या माझ्या मागे बघत होत्या. मी वळलो. स्टँडच्या फाटकातून भागीआक्का येत होती, हातात पिशवी, एकेक पाऊल टाकत, चेहऱ्यावर कसली म्हणून घाई नाही.

“ओ कंडक्टर भावजी,” वैनी आत वळून म्हणाल्या, “घंटी मारू नका. तां बगा, दिसतंय.”

कंडक्टरने बाहेर पाहिलं, आणि दोरी सोडून दिली.